चौथ्या बशीतले सोनेरी ठिपके

लेकीनं लग्नासाठी निवडलेला मुलगा हॉटेलात स्वयंपाकी आहे हे कळलं आणि तिच्या बाबांची, म्हणजे लॅबवाल्यांची, अन्नावरची वासनाच उडाली. पंचवीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघणारा हा माणूस. दाराची कडी कोपरानं उघडायचा, पाहुण्यांशी हात मिळवला की साबण शोधायचा. त्याचा सख्ख्या भावाच्या हातावर विश्वास नव्हता, तर स्वयंपाक्याच्या कुठून बसणार?

"आधी त्यानं इथं येऊन जेवण करून दाखवावं," त्यांनी अट घातली. "मग होकाराचं बघू."

रविवारी सकाळी मुलगा आला, हात धुऊन कामाला लागला. लॅबवाले सावलीसारखे मागे. प्रत्येक झाकण उचललं, प्रत्येक पातेल्यात डोकावले. मुलगा कस्टर्ड फ्रिजमध्ये ठेवायला निघाला, तर म्हणाले, "राहू दे इथंच, माझ्या नजरेसमोर." ते बिचारं चार तास ओट्यावर बसून राहिलं. दुपारी लॅबवाल्यांनी ते स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाढलं.

संध्याकाळी पाचला लेकीला उलटी झाली. सव्वापाचला बायकोला. साडेपाचला लॅबवाले न्हाणीघराच्या दारावर थापा मारत होते आणि आतून बायको म्हणत होती, "अहो, बादली घ्या."

तिकडून मुलाचाही फोन आला, त्यालाही तेच झालं होतं.

"सोंग आहे," लॅबवाले बादलीतून म्हणाले. "संशय येऊ नये म्हणून."

"बाबा, फोनवर त्याला धड बोलता येत नव्हतं."

"इतक्या लवकर उलट्या म्हणजे स्टॅफ. हा जंतू माणसाच्या नाकात राहतो, हाताला लागतो, हातावरून अन्नात उतरतो. सिद्ध करून दाखवतो. मग लग्नाचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला बोलावून खुर्चीत बसवलं आणि कापसाची काडी त्याच्या नाकात फिरवली. मग बायकोचं नाक झालं, लेकीचं झालं. तुलनेला एक स्वच्छ नाक हवं होतं, म्हणून त्यांनी स्वतःचं घेतलं. चार काड्या जंतू वाढवायच्या चार बशांत फिरवल्या, उरलेलं कस्टर्ड पाचव्या बशीत. बशांवर नावं न घालता त्याच क्रमानं फक्त आकडे घातले आणि प्रयोगशाळेतल्या डॉक्टर मॅडमना सांगितलं, "अहवाल पाकिटात बंद करून द्या. माझ्याकडे उद्या कुणी बोट दाखवायला नको."

दोन दिवसांनी सगळे पुन्हा त्याच टेबलाभोवती बसले. पाकीट बायकोनं फोडलं.

"कस्टर्डमध्ये स्टॅफ, सोनेरी ठिपक्यांनी बशी भरलेली," ती वाचू लागली. "एक नंबरला काही नाही. दोनला नाही. तीनला नाही." ती थांबली. "चौथ्या बशीतही सोनेरी ठिपके, भरपूर. अहो, चौथं नाक कुणाचं?"

लॅबवाल्यांनी अहवाल ओढून घेतला, उलटा करून पाहिला, मागची बाजूही वाचली. तिथं काही नव्हतं.

"पण हे कस्टर्डपर्यंत गेलं कसं?" बायकोनं विचारलं.

मुलगा खाली बघत हळूच म्हणाला, "काका नाक पुसून त्याच बोटानं चव घेत होते. तीनदा घेतली."

"तू बघितलंस?" लॅबवाल्यांनी विचारलं. "मग बोलला का नाहीस?"

"तुमचा होकार यायचा होता, काका."

"आणि तरी खाल्लंस?"

"तुम्ही वाढलंत. नाही कसं म्हणणार?"

लॅबवाल्यांना भरून आलं. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, हे त्यांना एकदम कळलं. "माझा होकार आहे," ते म्हणाले. "आजच तारीख काढू."

लेक मात्र मुलाकडे टक लावून बघत होती. "म्हणजे तुला सगळं माहीत होतं. आणि तू मला दुसरी वाटी खाऊ दिलीस?"

मुलानं लॅबवाल्यांकडे बघितलं.

"बाबा, तारीख राहू द्या," ती उठली. "मला जरा विचार करायचाय."

ती आत गेली, दार लागलं. लॅबवाले धावत गेले आणि ती कडी चक्क हातानं धरून खडखडवू लागले. "अगं, मुलगा चांगला आहे. मी सांगतो ना. चूक माझ्या नाकाची आहे."