मोस्ट स्लोली

हे लिहून दे म्हणून शेजारच्या चतुराबाईनं पिच्छा पुरवला. सकाळचा चहा तिच्याकडचा, म्हणून लिहितो. न्हाईतर माझ्या मरणाची गंमत मीच कशापायी सांगावी?

बायको गेल्यापासून घरात मी आन् चार शेळ्या. पोरगा जीवन पुण्याला, दोन दिवाळ्या आला न्हाई. त्याची सुकन्या चौथीत. दर रविवारी फोनवर मला इंग्रजी शिकवती. (मी तिसरी नापास. तिला सांगितलेलं न्हाई.) अट एकच, अभ्यास केला तरच पुढच्या रविवारी फोन. मग करतो बापडा.

त्या खेपेला धडा होता, फास्ट, फास्टर, फास्टेस्ट. मग स्लोली, मोअर स्लोली, मोस्ट स्लोली. "आजोबा, चालून दाखवायचं. व्हिडिओ पाठवायचा."

शेळ्यांच्या गव्हाणीवर फोन उभा केला आन् अंगणात सुरू झालो. फास्टेस्टला धोतर सुटता सुटता राहिलं. मोस्ट स्लोलीला एक पाय उचलला, तो खाली टेकवायची घाईच केली न्हाई. तोल सांभाळताना तोंड वाकडं झालं.

"अगं माय! सटवातात्याला लकवा मारला!" चतुराबाई किंचाळली.

पानटपरीवाला हरिबा पळत आला. "सटवा, बोल बे! काय होतंय?"

"मोस्ट स्लोली." (धडा अर्धा कसा सोडू?)

"जीभ बी गेली!"

दोघांनी उचलून जीपमध्ये कोंबलं. चतुराबाई शेळ्यांपाशी थांबली, हरिबानं केजच्या दवाखान्यात नेलं. फोन गव्हाणीवरच, चालू. डॉक्टर म्हणाला, "यांना काही झालेलं नाही." पण हरिबानं जीपमधूनच माझा हार घातलेला फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता. श्रद्धांजलीत हरिबा फास्टेस्ट.

सांजेला घरी आलो, तर दारात जीवन. हापिसातून तसाच मोटरसायकलवर निघालेला. मला बघून मटकन बसला, रडला, मग भडकला.

"आबा, ही काय थट्टा हाय?"

"अभ्यास करत होतो."

मौतीच्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून चतुराबाईनं कडू घास आणून ठेवला होता, पिठलं-भाकरी. वाया कशाला? बापलेकानं एका ताटात माझ्या मौतीचं पिठलं खाल्लं. लई गोड लागलं.

"राहतोस का चार दिस?"

"रजा तुमी गेलात म्हणून मिळालती, आबा."

सकाळी गेला. मी व्हिडिओ पाठवून दिला. रविवारी सुकन्याचा फोन. "आजोबा, व्हिडिओत तुम्हाला दोन माणसं उचलून पळाली. हे मोस्ट स्लोली नाही. नापास!"

मग म्हणाली, "मी आणि आई पण एसटीनं निघालो होतो. जामखेडपर्यंत आलो. तिथं ग्रुपवर हरिबा आजोबांनी टाकलं, सटवा ठणठणीत. मग आई म्हणाली, चल माघारी."

जामखेडपर्यंत! अजून दोन तास मेलेला राहू दिला असता तर काय बिघडत होतं? मला मारल्याबद्दल माझी तक्रार न्हाई. पण एवढ्या घाईनं जिता केल्याची माफी मागायचा राहिलाय तो, हरिबा.