हसल्याशिवाय फोटो नाही

सुब्राय हेगड्यांनी ठरवलं होतं ते इतकंच, की बायको अमेरिकेला जायच्या आत तिचा एक फोटो काढायचा. एकच. त्यात काय अवघड आहे, असं त्यांना वाटलं. (एकतीस वर्षं तालुका कचेरीत काढूनसुद्धा माणसाला एखादं काम सोपं वाटू शकतं, हे विशेषच.)

निघायला अकरा दिवस उरले होते. लेक विनुता शिकागोला, तिचे दिवस भरत आलेले. शरावती सहा महिन्यांसाठी तिकडे जाणार होती. गाय आणि सुपारीची बाग टाकून दोघांनी जाणं शक्य नव्हतं, म्हणून सुब्राय मागे राहणार होते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. या छत्तीस वर्षांत, विनुताच्या जन्माच्या वेळचं माहेरपण सोडलं, तर शरावती घराबाहेर सगळ्यात जास्त राहिली होती ती चार दिवस, सागरला, भावाच्या घरी. त्यातही तिसऱ्या दिवशी सुब्राय "सहज इकडून चाललो होतो" म्हणत तिथे हजर झाले होते. (शिरसीत राहणारा माणूस सागरवरून सहज जात नाही. मुद्दामच जावं लागतं.)

फोटोचं कारण त्यांनी बायकोला सांगितलं नाही. "मी कॅमेरा शिकतोय, कुणीतरी समोर बसायला हवं," एवढंच म्हणाले. खरं कारण असं, की घरात तिचे तीन फोटो होते. लग्नातल्या फोटोत ती मान खाली घालून अंगठ्याकडे बघत होती. मतदार ओळखपत्रावर ती ओळखू येत नव्हती. आणि पासपोर्टवरचा फोटो असा होता, की तो बघून कुठल्याही देशाने न विचारता तिला आत घेतलं असतं, उगाच भांडण नको म्हणून. यातल्या एकाही फोटोकडे बघत सहा महिने काढणं अवघड होतं.

कॅमेरा निवृत्तीच्या दिवशी मिळालेला. त्यांच्या आधी जो निवृत्त झाला त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, त्याच्या आधीच्यालाही घड्याळ. सुब्रायांच्या वेळी कुणाच्या तरी डोक्यात नवा विचार आला. घरी आल्यावर त्यांनी तो कॅमेरा खोक्यासकट कपाटात ठेवला, शेजारी दोन डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि आठ महिने त्याला वाळवी लागू दिली नाही.

आता तो बाहेर निघाला. सोबत एकशे चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. दुसरा कुणी असता तर सरळ बटण दाबून मोकळा झाला असता. पण सुब्राय हेगडे हे नियम वाचल्याशिवाय पंखासुद्धा न लावणारे. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि पान एकपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी सगळे इशारे झाले: पाण्यात बुडवू नये, विस्तवाजवळ ठेवू नये, उघडू नये. दुसऱ्या दिवशी बॅटरी आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा चालू केला तेव्हा त्याने 'टिंग' असा आवाज केला, आणि सुब्रायांनी तो दचकून ताकाच्या भांड्यात टाकता टाकता सावरला.

कॅमेऱ्यावर एक चाक होतं आणि चाकावर बारीक चित्रं. एक फूल, एक डोंगर, एक पळणारा माणूस. पुस्तकात त्यांचा खुलासा पुढे बावन्नाव्या पानावर होता आणि सुब्राय अजून एकोणिसाव्यावर होते, म्हणून त्यांनी स्वतःची बुद्धी चालवली. फूल म्हणजे बाग. त्या खुणेवर त्यांनी सुपारीच्या बागेचा फोटो काढला, तर नुसता हिरवा धूर आला. गाय पळत नव्हती म्हणून पळणाऱ्या माणसाची खूण गायीला लागू नव्हती. शेवटी डोंगर लावून त्यांनी शरावतीकडे कॅमेरा वळवला.

ती फणसाचे पापड वाळत घालत होती. तिने चाकाकडे पाहिलं.

"ते चित्र कसलं?"

"डोंगराचं."

"आणि तुम्ही फोटो माझा काढताय."

सुब्रायांनी चाक घाईने फिरवलं, पण उशीर झाला होता.

सातव्या दिवशी ते एकसष्टाव्या पानावर आले आणि उठून उभेच राहिले. तिथे लिहिलं होतं, की या कॅमेऱ्याला हसू ओळखता येतं. ती खूण लावायची, कॅमेरा समोर ठेवायचा, बटणाला हात लावायचा नाही. समोरचा माणूस हसला, की कॅमेरा आपणहून फोटो काढतो.

"शरा! ये, बस इकडे!"

"फोडणी करतेय."

"फोडणी राहू दे, मशीन आलंय!"

"मशीन आठ महिन्यांपूर्वी आलंय," ती हात पुसत बाहेर आली.

त्यांनी टेबलावर तांदळाचा डबा ठेवला, त्यावर कॅमेरा, आणि समोर भिंतीला लागून खुर्ची. शरावती त्या खुर्चीत दात काढायला आल्यासारखी बसली. सुब्राय कॅमेऱ्यामागे वाकले.

"हं. आता हस."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हसल्याशिवाय तो फोटो काढत नाही."

"झालंय काय हसण्यासारखं?"

सुब्रायांनी कचेरीतला एक विनोद सांगितला. या विनोदावर त्यांच्या हाताखालचे चार कारकून अकरा वर्षं, दर महिन्याला, पोट धरून हसले होते. शरावतीने तो शांतपणे ऐकून घेतला.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय, संपला."

"बरं."

तेवढ्यात 'खट्' असा आवाज आला. मग पुन्हा खट्. खट्, खट्. सुब्राय हरखले. "आला! आला बघ! हसलीस तू!"

"मी कुठे हसले?"

त्यांनी पडद्यावर पाहिलं. शरावती जशीच्या तशी, ओठ मिटून. तिच्या डोक्यावर भिंतीवरचं कॅलेंडर होतं, आणि कॅलेंडरावरची लक्ष्मी गोड हसत होती. कॅमेऱ्याने लक्ष्मीच्या तोंडाभोवती पिवळी चौकट काढली होती आणि नऊ फोटो घेतले होते.

"तिचाच ठेवा जवळ," शरावती म्हणाली. "पैसेही देईल."

कॅलेंडर काढावं म्हणून सुब्राय स्टुलावर चढले, तोच मागच्या दाराने शेजारच्या कमळक्का आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात दात नाही, आणि जगात गंमत वाटणार नाही अशी एकही गोष्ट त्यांना अजून सापडलेली नव्हती. स्टुलावर चढलेले सुब्राय, डब्यावर बसलेला कॅमेरा आणि खुर्चीत बसलेली शरावती असा देखावा पाहून त्या कॅमेऱ्याच्या थेट समोरच कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अरे सुब्राया, हे काय रे? बायकोला शिक्षा केलीस का?"

खट्.

"हा काय बोलतो रे मध्येच?"

खट्, खट्.

"कमळक्का, बाजूला व्हा! हसू नका!"

'हसू नका' म्हटल्यावर तर संपलंच. कमळक्का डोळ्याला पदर लावून हसल्या, हसता हसता खुर्चीच्या पाठीला धरून वाकल्या. कॅमेरा खटखटत राहिला. मग आपण उसनं दही न्यायला आलो होतो हे विसरून त्या तशाच हसत परत गेल्या.

घर पुन्हा शांत झालं. सुब्राय कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसले. एवढ्या गोंधळात, कमळक्का वाकून वाकून हसत असताना, शरावतीही हसली होती. त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पण हसू फुटायच्या आधी तिने पदर तोंडाशी नेला होता.

"तू तोंड का झाकतेस गं?" त्यांनी विचारलं.

"सवय आहे."

"कसली सवय?"

शरावतीने पदराचं टोक सारखं केलं. मग सहज, भाजीचं सांगावं तसं म्हणाली, "लग्नात फोटोवाला हसा म्हणाला होता. मी हसले. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, दात आत घे, सगळे बघतायत."

"मी?"

"मग काय फोटोवाला?"

"कधी म्हणालो असं?"

"होमाच्या नंतर, जेवणाच्या आधी. तुमच्या डोक्यावर बाशिंग वाकडं होतं. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

सुब्रायांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. चोवीस वर्षांचा एक पोरगा त्यांना अंधुक आठवत होता. गर्दीत घाबरलेला, लोक काय म्हणतील या काळजीत पुरता बुडालेला. त्याने तसं म्हटलं असणं सहज शक्य होतं. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं. छत्तीस वर्षं ते पाहुण्यांना सांगत आले होते, बघा, आमची बायको किती लाजरी होती.

कचेरीत चूक झाली तर शुद्धिपत्रक काढता येतं. इथे काय काढायचं?

"शरा," शेवटी ते म्हणाले, "दिसू देत. दात दिसू देत सगळे."

"सगळे?" शरावती म्हणाली. "आता राहिलेत किती!"

आणि ती हसली. पदर मांडीवरच राहिला. वरच्या बाजूचा एक दात पडलेला, त्याची खिडकी दिसली, डाव्या गालावर एक खळी पडली. ही खळी सुब्रायांच्या माहितीचीच नव्हती. ते बघतच राहिले. मग भानावर येऊन त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

कॅमेरा गप्प होता. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं होतं, की जागा शिल्लक नाही. (कचेरीत हेच उत्तर ते स्वतः लोकांना देत आले होते. ते ऐकायला कसं वाटतं हे त्यांना आज कळलं.)

"आला का?" शरावतीने विचारलं.

"नाही. जागा नाही म्हणतो."

"कशाने भरली?"

"नऊ लक्ष्म्या," सुब्राय म्हणाले, "आणि बाकी कमळक्का."

पुसायचं कसं हे एकशे तीनाव्या पानावर होतं. ते पान शोधेपर्यंत शरावतीने कॅमेरा हातात घेतला. "हे कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे, ते कशाला?" तिने ते दाबलं. एक लक्ष्मी गेली. "नमस्कार करून पुसते," ती म्हणाली आणि दुसरी पुसली. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती चित्रं बघत होती. अर्ध्या तासात तिला चाकावरच्या सगळ्या खुणा पाठ झाल्या. सुब्राय अजून लाल पेन्सिल घेऊन एकशे तीनाव्या पानावर होते.

पुन्हा हसवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. पुढचे चार दिवस पापड, लोणची आणि बाळंतिणीची औषधं बांधण्यात गेले. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी कॅमेरा तिच्या पिशवीत, लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवला.

"हा कशाला?" शरावती म्हणाली. "तुमचा आहे."

"बाळाचे फोटो काढ. तुला येतं."

"आणि माझा फोटो? तो राहिलाच की."

"राहू दे," सुब्राय पिशवीचा बंद आवळत म्हणाले. "मी पाहिलाय."

शरावतीने त्यांच्याकडे पाहिलं. मग बस येईपर्यंत गायीला किती पेंड घालायची हे तिने त्यांना तीन वेळा सांगितलं.

दोन महिन्यांनी अमेरिकेहून जाड पाकीट आलं. नातीचे सतरा फोटो, सगळ्यांत ती झोपलेली. (हसणाऱ्याचाच फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने झोपलेल्या बाळाचे काढले कसे, हा प्रश्न त्यांना पडला; मग आठवलं, शरावतीला सगळ्या खुणा येतात.) अठरावा फोटो शरावतीचा. मांडीवर बाळ, डोकं मागे, दातांच्या खिडकीसकट, खळीसकट, तोंड भरून हसणारी. मागे विनुताच्या अक्षरात लिहिलं होतं: "अप्पय्या, कॅमेरा अम्मानेच लावला. हसली आणि तो निघाला."

सुब्रायांनी तो फोटो टेबलाला टेकवला आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. कमळक्का येऊन बघून गेल्या, पोस्टमन बघून गेला. रविवारी फोन आला तेव्हा त्यांना राहवेना.

"फोटो मिळाला," ते म्हणाले. "चांगला आलाय."

"हो का?"

"एवढी कशाला हसलीस पण? कुणी काय सांगितलं?"

"काही नाही हो," शरावती म्हणाली. "विनुताने विचारलं, अप्पय्या तिकडे स्वयंपाक कसा करत असतील."

सुब्रायांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. दारातून निळा धूर संथपणे बाहेर येत होता.

"करतो की," ते म्हणाले. "आज भात आहे." आणि फोन ठेवायच्या आधी, इतक्या लांबून, त्यांना पलीकडे खट् असा आवाज ऐकू आला.