गुरुपादप्पा लिहा आणि बटण दाबा

शेषेरावचा राग कॉम्प्युटरवर नव्हता. कॉम्प्युटरच्या आज्ञांचं बारसं ज्याने केलं, त्याच्यावर होता. पोराचं नाव ठेवताना माणूस निदान आत्याला तरी विचारतो. या गड्याने पाळण्यात डोकावूनसुद्धा बघितलं नव्हतं. शोधायचं तर 'ग्रेप' लिहा. हलवायचं तर 'एमव्ही'. कायमचं पुसायचं तर 'आरएम'. 'ऑक' नावाची एक होती, ती तर नुसती ओकारी. आणि काहीच कळलं नाही तर 'मॅन' लिहून मदत मागा. "आन् बाईमानसानं कुनाकडं मागायची?" असं अव्वल कारकून पंचशीलाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

जिल्हा नवा, कचेरी भाड्याच्या घरात आणि दुष्काळ सलग तिसरा. कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा, हे दर सोमवारी ठरे आणि पाच तालुक्यांच्या पाच याद्या कॉम्प्युटरात जात. ते काम शेषेरावकडे. गडी मूळचा मुखेडचा, दोन वर्षं हंगामी टायपिस्ट. त्याला कायम करण्याची फाईल कचेरीप्रमुख बिराजदार साहेबांच्या टेबलावर गेली ती गेलीच. आठ महिने झाले. तिकडे मुखेडला सिंधूचं स्थळ थांबलेलं. तिचे वडील सटवाजी दर पंधरवड्याला एसटीने येऊन एकच विचारत, "आर्डर निघली का? कागद दावा, सुपारी फोडू."

शेवटी शेषेराव वैतागला आणि एका दुपारी त्याने सगळ्या आज्ञांची नावं बदलून टाकली. शोधणारीचं नाव 'पंचशीला', कारण कुठल्याही गठ्ठ्यातला कोणताही कागद त्या डोळे झाकून काढत. हलवणारीचं 'केरबा', कारण शिपाई केरबाच्या हाती वस्तू लागली की ती जागेवर राहत नसे. आणि पुसणारी? जिथे गेलेला कागद पुन्हा कोणाला दिसत नाही, ती जागा कचेरीत एकच होती, बिराजदार साहेबांचं टेबल. शेषेरावने साहेबांचं पाळण्यातलं नाव टाकलं, 'गुरुपादप्पा', आणि पोटभर हसला.

पहिल्या दोन नावांची चिठ्ठी त्याने पडद्याला डकवली. तिसरं नाव अर्थातच लिहिलं नाही.

चार दिवसांनी साहेब चिठ्ठीपुढे थबकले. "केरब्याचं नाव हाय. शिपायाचं! आन् माझं न्हाई?"

"हाय की साहेब," शेषेराव घाबरून बोलून गेला.

"काय करतंय ते?"

शेषेरावच्या डोळ्यांपुढून सिंधू, सुपारी आणि सटवाजी एका रांगेत गेले. "मंजुरी देतंय साहेब. तुमचं नाव, फुडं यादीचं नाव, आन् बटन दाबायचं. झाली मंजूर."

"आस्सं!" साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी औरंगाबादचे मोठे साहेब टंचाईची पाहणी करायला यायचे होते. शेषेराव साडेदहाला आला, तर बिराजदार साहेब त्याच्या खुर्चीत बसून एका बोटाने टाईप करत होते.

"या, या! पाचीच्या पाची मंजूर करून टाकल्या. मशीन लई हुशार, चू का चा केलं न्हाई!"

शेषेरावने पडदा बघितला. पाचही याद्या गायब होत्या. पुसताना ते यंत्र 'पुसू का?' म्हणून विचारत नसे आणि पुसलेलं परतही देत नसे. त्याने पंचशीलाबाईंना व्हरांड्यात गाठून सगळं ओकून टाकलं.

"साहेबाचं नाव दिलं? पुसायला?" बाईंनी कपाळाला हात लावला. "थांबा. माझा त्या डबड्यावर इस्वास न्हाई. सोमवारीच रजिस्टरात सगळं उतरून घेतलंय."

त्या कपाटाकडे गेल्या. रजिस्टर नव्हतं.

"केरबा! रजिस्टर कुठंय?"

"मशीन डुगडुगत होतं, मॅडम. मोठं साहेब येनार म्हून काल त्याच्याच खाली सारलं."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. शेषेरावने कॉम्प्युटरचा कोपरा उचलला, केरबाने हात घातला. आधी रजिस्टर निघालं. त्याखालून आणखी एक दबलेली फाईल निघाली. वर नाव शेषेरावचं. आत बिराजदार साहेबांची लांबलचक सही आणि 'कायम करावे' असा शेरा, आठ महिन्यांपूर्वीचा.

"ही इथं कशी?" शेषेरावने विचारलं.

"मशीन आलं त्या दिशी टेबल तिरपं होतं," केरबा निवांत म्हणाला. "साहेबानं सही करून फाईल माझ्याच हातात दिली होती. दिली सारून."

म्हणजे ज्या फाईलीसाठी त्याने साहेबांना आठ महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिच्याच डोक्यावर तो रोज टाईप करत बसला होता. शेषेरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोठ्या साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि खूश झाले. "कॉम्प्युटर असून वही ठेवता? उत्तम!" बिराजदार साहेबांनी मान डोलावली. "आमची पद्धतच हाय, सर." जीप गेल्यावर केरबाने रजिस्टर पुन्हा मशीनखाली सारलं.

आठवड्यात ऑर्डर निघाली. मुखेडला सुपारी फुटली. आणि शेषेरावने पापाचं प्रायश्चित्त घेतलं: 'गुरुपादप्पा' लिहिलं की यादी ऐटीत छापून निघेल अशी सोय केली, ते नाव चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहिलं, आणि पुसणाऱ्या आज्ञेला स्वतःचंच नाव दिलं. ते मात्र चिठ्ठीवर नव्हतं. आपलं नाव कोण कशाला टाईप करणार?

पुढच्या मंगळवारी तो कचेरीत पेढे घेऊन आला. बिराजदार साहेब त्याच्या खुर्चीत बसले होते, तोंडभर हसत.

"शेषेराव, सगळ्यायची नावं लावली आन् सोताचं तेवढं लपवून ठेवलं? एवढा नम्रपना बरा न्हाई. म्हनलं, बघावं तर हे काय करतंय. पाची याद्यांवर टाकलं तुमचं नाव!"

शेषेरावच्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली आला.

पंचशीलाबाई उठल्या आणि कॉम्प्युटरचा कोपरा उचलून धरत म्हणाल्या, "केरबा, घाल हात."