एका टेकूवरची फळी

फळी लावायला सुतार लागतो, हे माझ्या ताईचं मत. मग मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो ते काय झक मारायला?

"ताई, मधोमध एकच टेकू बस्स! दोन्हीकडे सारखं वजन. फळी हलली तर नाव बदलीन!"

ताई मातीकाम करते. हॉटेलच्या मॅनेजरला दाखवायला तिनं महिनाभर खपून फुलदाण्या घडवल्या होत्या. तिची पहिली मोठी ऑर्डर त्यांवर ठरणार होती. मी त्या तोलून तोलून दोन्ही बाजूंना मांडल्या. फळी ढिम्म!

"आणि कुणी एखादी उचलली तर?" ताईनं विचारलं. असल्या शंकेखोरांना मी वर्गाबाहेर काढतो.

मॅनेजर आला आणि त्या गृहस्थानं, कुणाला न विचारता, डाव्या टोकाची फुलदाणी उचलली! उजवं टोक खाली यायला लागलं. माझ्या हातात चहाचा ट्रे. मी डोकं पुढे केलं. टोक टाळूवर टेकलं. पुन्हा समतोल!

"वा!" म्हणत त्यानं डावीकडची दुसरी उचलली. माझी मान खांद्यात गेली.

"तिकडच्या घेऊ नका!" मी ओरडलो.

"का? विकल्या गेल्यात?"

"इकडच्या घ्या, इकडच्या!"

"मला काय आवडावं ते तुम्ही ठरवणार?" चिडून त्यानं तिसरी उचलली.

"अहो शहाणे! ठेवा ती परत!"

भट्टीजवळून ताई धावत आली. "गिऱ्हाइकावर खेकसतोस? आणि फळीला डोकं लावून काय उभा आहेस, बैला?"

"ताई, माझं डोकं हे आत्ता एक बल आहे!"

"हो का!" म्हणत तिनं माझा कान धरला आणि मला बाजूला ओढलं.

उजवीकडच्या सगळ्या घसरल्या. तिकडचं वजन गेल्याबरोबर डावीकडच्याही निघाल्या. खळ्ळ! हातातल्या तीन खाली ठेवून मॅनेजर निघून गेला. ताई तुकड्यांत बसून रडली. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण राग त्याहून जास्त आला! बल काढून घेतलं कुणी? तिनंच ना?

फळी मात्र टेकूवरच आहे, बरं का! रिकामी, पण अगदी आडवी. म्हटलं, ताई, निदान एवढं तरी कबूल कर!

तिनं माझ्या हातात केरसुणी दिली आणि आतून कडी लावली.