बारावी खुर्ची

माझ्या डोळ्यांदेखत शिरसाठ अण्णांनी कचरा नेणाऱ्या लक्ष्मम्माचे पाय धुतले, तेव्हा माझ्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली. अतिशयोक्ती करत नाहीये. गांधी बाजारातून भाजी घेऊन येत होते, आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये हे दृश्य! सत्तरीचा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, पेन्शनवाला माणूस गुडघ्यांवर बसलाय, कमरेला टॉवेल गुंडाळलाय, पुढ्यात निळा टब आणि टबात लक्ष्मम्माचे पाय. ती बिचारी "बेडा अण्णा, बेडा" म्हणत, नको नको करत पाय मागे ओढतेय, आणि हे काही सोडत नाहीत.

"अय्यो! अहो, हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"गिरवतोय, अक्का," अण्णा शांतपणे म्हणाले आणि तिच्या टाचेला साबण लावू लागले.

प्रभाकर शिरसाठ माझे शेजारी. भिंतीला भिंत लागून. नगरकडचे मराठी ख्रिस्ती, उभी नोकरी होसकोट्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर बसवनगुडीत घर घेतलं. आम्ही इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे. माझ्या मराठीत कन्नड कधी शिरतं ते मलाच कळत नाही. त्यामुळे शेजारी मराठी माणूस येणार म्हणून खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. असो. घर त्यांच्या ताब्यात यायला कमिटीच्या कागदपत्रांत तीन महिने गेले. मी कमिटीची सेक्रेटरी, तेव्हा मला ठाऊक आहे. पुढे सांगते.

तर गिरवणं. अण्णांचं म्हणणं असं, की देव कसा वागतो ते पाहायचं आणि तसंच वागायचं. बस. प्रवचन नाही, वाद नाही. "मूळ ड्रॉइंग वरच्या साहेबाचं. आपण त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि गिरवायचं. हात हलला तर रेघ आपली वाकडी, ड्रॉइंग शाबूत." चाळीस वर्षं कारखान्यात जे केलं तेच आता देवाबरोबर करत होते म्हणा ना!

पण माणसाने गिरवावं तरी किती? तळमजल्यावरच्या वकिलांनी अण्णांचा जाईचा वेल मुळापासून छाटला. का, तर म्हणे पानं त्यांच्या गाडीवर पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अण्णा झारी घेऊन त्याच वकिलांच्या कुंड्यांना पाणी घालतायत! मी रागाने लाल. म्हटलं, अण्णा, तुम्हाला काही वाटतं की नाही? तर म्हणतात, "अक्का, पाऊस काय दारावरची पाटी वाचून पडतो?"

नाताळात करंज्या करतात. स्वतः, एकटे. मी सकाळी आठला शुभेच्छा द्यायला गेले, मला पाच करंज्या. लक्ष्मम्मा संध्याकाळी सहाला आली, तिलाही पाच. मला नाही म्हटलं तरी लागलं. शेजारीण मी, आणि पहिली मी! बोलून दाखवलं तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "का, तुमच्या पाचात काही कमी होतं का?" मुकाट्याने घरी आले आणि पाचही खाल्ल्या.

कुठलंही काम झालं की दोन पावलं मागे सरून त्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "चांगलं आहे." देवाने जग करून झाल्यावर असंच बघितलं होतं म्हणे. स्टुलाचा पाय बसवला, चांगलं आहे. फ्यूज बदलला, चांगलं आहे. एकदा त्यांनी इडल्या केल्या. आमच्या ह्यांनी एक हातात घेतली आणि हळूच परत ठेवली, पायावर पडली तर काय घ्या! अण्णा पातेल्यासमोर दोन पावलं मागे सरले. "चांगलं आहे," म्हणाले. आवाज जरा पडलेला होता इतकंच.

आणि राग! तोसुद्धा त्यांनी गिरवून पाहिला. प्रभूने देवळात बाजार मांडणाऱ्यांची मेजं उलथली होती म्हणे. खालच्या हॉलमध्ये पुरुष मंडळी कॅरम खेळता खेळता लक्ष्मम्माच्या नवऱ्याची टिंगल करत होती. तो दारूपायी गेला होता, आणि ती तिथेच फरशी पुसत होती. अण्णा आत आले, दोन क्षण उभे राहिले आणि त्यांनी कॅरमबोर्ड उलटा केला. चक्क उलटा! सोंगट्या खिडकीपर्यंत गेल्या. मग अण्णांचाच चेहरा उतरला. गुडघ्यांवर बसून अर्धा तास सोंगट्या गोळा करत होते. राणी काही केल्या सापडेना. ती लक्ष्मम्माने कपाटाखालून काढून दिली. "राग गिरवताना हात फार हलतो, अक्का," मला जिन्यात म्हणाले. "तो त्यालाच जमतो."

पण सगळ्यात कहर म्हणजे हे पाय धुणं. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, दर वर्षी. प्रभूने शेवटच्या जेवणाआधी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून हेही धुणार. वॉचमन, इस्त्रीवाला, ऑटोवाला रमेश, लक्ष्मम्मा आणि असेच सगळे. मागच्या साली तर वेल छाटणारे ते वकीलसुद्धा खुर्चीवर पाय सोडून बसले होते! मी नाही गेले कधी. कशी जाणार? आमच्यात वडीलधाऱ्या माणसाने आपल्या पायांना हात लावला तर पाप लागतं. मी आपली जिन्यावरून तरातरा निघून जायची.

खुर्च्या मात्र माझ्याकडून जायच्या. हॉलच्या खुर्च्यांची किल्ली सेक्रेटरीकडे असते. अण्णा दर वर्षी रीतसर चिठ्ठी द्यायचे, छापल्यासारख्या अक्षरात: बारा खुर्च्या, एक दिवसासाठी. परत करताना वापरलेली प्रत्येक खुर्ची ओल्या फडक्याने पुसून द्यायचे. आणि मी मोजून घ्यायची. सहा वर्षं मी बघत होते, अकरा खुर्च्या ओल्या असायच्या आणि एक कोरडी. हॉलमधल्या धुळीसकट जशीच्या तशी.

यंदा चिठ्ठी घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, अकराच न्या की. बारावीवर कोण बसतच नाही. उगाच ने-आण, तुमचं वय काय!"

त्यांच्या हातात चिठ्ठी होती, आणि हात थोडा थरथरत होता. हल्ली थरथरतो.

"बाराव्याची जागा आहे ती," म्हणाले. "प्रभूला पकडून देणारासुद्धा त्या दिवशी तिथेच बसला होता, अक्का. त्याचेही पाय धुतले होते. अकरा सोपे असतात. खरं गिरवणं तिथे आहे."

मला चेव आला. तुम्हाला माहीत आहे मला कसा येतो ते. म्हटलं, "कोण आहे तो मेला? तुमच्याशी वाईट वागणारा? नाव सांगा, मी बघते त्याच्याकडे!"

अण्णांनी मान वर केली नाही. "तुम्ही," म्हणाले.

मी दाराची चौकट धरली. आमचे हे आतून "काय झालं?" विचारत होते.

आता लपवण्यात काय अर्थ आहे? सांगते. कमिटीच्या कागदपत्रांत तीन महिने गेले म्हटलं ना, ते कागदपत्र म्हणजे एकच कागद होता. तो मी लिहिला होता. या कुटुंबाला घर विकू नये, इमारतीचं वातावरण बिघडेल, मासे-मटणाचा वास येईल, अमुक अन् तमुक. घरोघरी फिरून सह्या मी घेतल्या होत्या. पहिली सही आमच्या ह्यांची, तीसुद्धा पेपर वाचता वाचता, न बघता केलेली. शेवटी घरमालकाने कमिटीला वकिलाची नोटीस धाडली तेव्हा मी गप्प बसले. मला वाटलं, विषय संपला. कागदाखाली माझं नाव नव्हतं ना! लिहिणाऱ्याच्या जागी "रहिवासी" एवढंच होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"घरमालकाने कागद दाखवला होता. मग राहायला आलो, तर नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीची सूचना लावलेली. तेच अक्षर. ड्राफ्ट्समनला अक्षर ओळखायला वेळ लागतो का? सुंदर आहे तुमचं अक्षर. म्हणूनच लक्षात राहिलं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून! सात वर्षं त्यांनी माझा गिझर दुरुस्त केला, माझ्या गुडघ्यांसाठी तेल आणलं, मी माहेरी गेले की माझ्या तुळशीला पाणी घातलं. त्या तुळशीला! आणि मी त्यांना वेलाबद्दल विचारत होते, तुम्हाला काही वाटतं की नाही म्हणून.

"अण्णा, तीन महिन्यांचाच तर उशीर झाला," मी म्हटलं. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण म्हटलं खरं.

"मंदाकडे चारच महिने होते," ते म्हणाले.

मंदा त्यांची बायको. आल्या आल्या गेली हे मला माहीत होतं. आजारी होती हेही कानावर आलं होतं. पण पुढचं माहीत नव्हतं. होसकोट्याला तीस वर्षं तिला मराठी बोलायला कुणी मिळालं नव्हतं. नवरा घुमा, कारखान्यातून येऊन परत कागदात डोकं घालणारा. डॉक्टरांनी दिवस सांगितले तेव्हा तिने एकच हट्ट धरला. बसवनगुडीच्या त्या घराच्या शेजारी मराठी बाई राहते म्हणतात, मला तिथे न्या.

"नऊ दिवस मिळाले इथे," अण्णा म्हणाले. "रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसायची. तुमचा आवाज यायचा ना, भाजीवाल्याशी भांडतानाचा. म्हणायची, बाई ठसकेबाज दिसते, येईल बघा आज."

मी गेले नाही. नऊ दिवस ते दार उघडं होतं आणि मी त्याच्यासमोरून नाकाला पदर लावून जात होते. मासे शिजतील म्हणून. त्या घरात त्या नऊ दिवसांत फक्त पेज शिजत होती.

मी रडायलाच लागले. अण्णांनी माझी समजूत घातली नाही, हे बरं केलं. उलट स्वतःच गुन्हा कबूल केल्यासारखं बोलले, "सहा वर्षं खुर्ची मांडली, पण तुम्हाला बोलावलं नाही कधी. तुम्ही जिन्यावरून जायचात तेव्हा वाटायचं, ह्या येऊन बसल्या तर? निघून गेलात की बरं वाटायचं. गिझर दुरुस्त करता येतो हो. पाय हातात घेणं नाही जमत. यंदा हात थरथरायला लागलाय. म्हटलं, आता नाही गिरवलं तर हा कागद कोराच जाईल. या, अक्का. आलात तर."

गुरुवारी खाली जायच्या आधी मी मोरीत जाऊन पाय धुतले. साबण लावून, घासून, दोनदा. हे म्हणाले, "अगं, ते धुणारच आहेत ना?" म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

पार्किंगमध्ये अकरा माणसं ओले पाय घेऊन माझ्याकडे बघत होती. लक्ष्मम्मा उठून मला वाट द्यायला लागली, मी तिच्याच शेजारी बसले. अण्णा गुडघ्यांवर आले. त्यांना वेळ लागला, पुढे होऊन आधार द्यावा असं वाटलं, पण हिंमत झाली नाही. त्यांनी माझा उजवा पाय हातात घेतला आणि थांबले. पाणी घालेनात. किती वेळ! माझ्या भेगाळलेल्या टाचेकडे बघत बसले होते. मला वाटलं, उठून जातील. जावं त्यांनी, असंही वाटलं.

मग त्यांनी पाणी घातलं. हात इतका हलत होता की अर्धं पाणी माझ्या साडीवर सांडलं. दोन्ही पाय धुतले, पुसले. दोन पावलं मागे सरायला त्यांना उठता येईना, म्हणून तिथेच बसून राहिले. "चांगलं आहे" म्हणाले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही.

लोक पांगले. मी खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर ओल्या फरशीवर बसले. म्हटलं, "अण्णा, मंदावहिनी कशा होत्या? सांगा ना."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग नाक ओढून म्हणाले, "बडबडी हो, फार बडबडी. तुम्ही दोघींनी मिळून मला वेड लावलं असतं."