शिरोडे काका आणि मोडलेले विक्रम

युरोपात बटरफ्लाय पोहण्याचा एखादा विक्रम मोडला की इकडे कतारमधल्या मेसईदमध्ये आमचे शेजारी शिरोडे काका पत्र लिहायला बसतात. ज्याने विक्रम केला त्याला नाही. ज्याचा मोडला त्याला.

पत्र म्हणजे ईमेल. खेळाडूचा पत्ता कुठून मिळणार, म्हणून ते त्या देशाच्या जलतरण संघटनेच्या कार्यालयाला जातं आणि कृपया संबंधित व्यक्तीपर्यंत पोचवावे अशी वर विनंती असते. काका खताच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, त्यामुळे मजकूर जुना पंप निवृत्त करताना लिहावा तसा. ‘रिस्पेक्टेड सर, युवर रेकॉर्ड हॅज गिव्हन लाँग अँड ट्रबल-फ्री सर्व्हिस.’ इतक्या वर्षांत एकच उत्तर आलं, तेही यंत्राने आपोआप पाठवलेलं. कार्यालय सुट्टीनिमित्त बंद आहे, एवढाच मजकूर. काकांनी ते छापून फाइलला लावलंय.

विक्रमांची यादी स्वयंपाकघरात आहे. कपाटांच्या दारांना आतून कागद चिकटवलेत आणि त्यावर कुणाचा विक्रम कुणी मोडला, तो कोणत्या देशाचा, हे काकांच्या बारीक अक्षरात. मंगलकाकू म्हणतात, “तूरडाळ काढायची तर मला हंगेरी उघडावी लागते, आणि साखरेपुढे स्वीडन.” मध्ये काही वर्षं पोहण्याचे ते चकचकीत, वेग वाढवणारे सूट आले होते. त्यांच्यावर पुढे बंदी आली, पण त्या सुटांतले विक्रम राहिले. ते काकांनी पेन्सिलने लिहिलेत. “यांचं काय करायचं ते माझं अजून ठरत नाहीये,” असं ते मला गंभीरपणे म्हणाले होते. जणू सगळा युरोप त्यांच्या निकालासाठी खोळंबला होता.

युरोपच का, असं मी एकदा विचारलं. “जगाचा विक्रम सगळेच बघतात,” काका म्हणाले. “आशियाचा घ्यावा तर घरचं प्रकरण, मन स्वच्छ राहत नाही. युरोपात आपलं कुणी नाही. शांतपणे वाईट वाटून घेता येतं.” आणि बटरफ्लायच का, यावर अर्धा तास. पूर्वी हा वेगळा प्रकारच नव्हता, ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्या काही चलाख लोकांनी हात पाण्यावरून पुढे आणायला सुरुवात केली, कारण तसं करू नये असं नियमात कुठे लिहिलेलंच नव्हतं. माझा चहा गार झाला, पण ऐकायला मजा आली हे कबूल करते.

कशाचंही माप काकांकडे एकच: टिकला किती? आमचा नवा फ्रिज आला तेव्हा त्यांनी नव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, जुना किती टिकला ते विचारलं. कारखान्यात नवा मॅनेजर आला की ते आधीच्याला निरोपाचा फोन करतात. “मोडणाऱ्याला सगळे विचारतात, अनुजा. मोडलेल्याला कोण विचारतो?”

तर असा हा माणूस माझ्या मुलीच्या मागे लागला. म्हणजे माझ्या भाषेत मागे लागला, त्यांच्या भाषेत शिकवायला. इरा तेरा वर्षांची, कंपनीच्या वसाहतीतल्या पूलवर बटरफ्लाय पोहते. तिथे एक फिलिपिनो कोच आहे आणि घड्याळ लावणं वगैरे सगळं तो करतो. काका फक्त भिंतीपाशी उकिडवे बसायचे. बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच क्षणी लागावे लागतात, नाहीतर पोहणारा बाद. इराचा डावा हात नेहमी किंचित उशिरा यायचा. काका वर्षभर रोज संध्याकाळी तिला एकच शब्द म्हणत होते. “दोन्ही.” ती वळून परत आली की पुन्हा, “दोन्ही.” मी कधी विचारलं, वेळ काय आली, तर म्हणायचे, “ते मला नाही माहीत. कोचला विचार.” ज्या माणसाला सगळ्या युरोपच्या वेळा पाठ, त्याला समोरच्या मुलीची वेळ नको होती. मला ते विचित्र वाटायचं, पण फुकट शिकवणाऱ्याचे दात कशाला मोजा.

मग यंदाच्या स्पर्धेचं पत्रक आलं. दोह्यातल्या भारतीय शाळांची दरवर्षीची स्पर्धा, एका शाळेच्या पूलवर, शनिवारी सकाळी. शेवटच्या पानावर आजवरचे विक्रम. चौदा वर्षांखालील मुली, पन्नास मीटर बटरफ्लाय, आणि पुढे नाव: केतकी शिरोडे. बारा वर्षांपूर्वीचा विक्रम. इरा त्या वेळेच्या अगदी जवळ आली होती. गेल्या महिन्यात सरावात एकदा पुढेही गेली होती.

केतकी ही काकांची मुलगी, मेलबर्नला असते, एवढंच मला ठाऊक होतं. तिने पाण्यात कधी पाय बुडवला असेल असं त्या घरात बसून कुणाला वाटलं नसतं. कपाटात सगळा युरोप होता, पण केतकीचा साधा फोटो नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी ते पत्रक घेऊन मंगलकाकूंकडे गेले. काका झोपले होते. काकूंनी पान बघितलं आणि ओट्याशी उभ्या राहूनच बोलल्या.

“रोज बाहेर आली की हे आधी वेळ सांगायचे. दम खाऊ दे, टॉवेल घेऊ दे, काही नाही. आधी आकडा. सोळाव्या वर्षी एक दिवस ती म्हणाली, बाबा, तुम्हाला मी नकोय, माझा टायमिंग हवाय. आणि पोहणं सोडलं. वर्षभर एका घरात राहून बोलले नाहीत दोघं. मग ती शिकायला गेली ती गेलीच. यांनी स्टॉपवॉच कुणाला तरी देऊन टाकलं.”

“आता बोलत नाहीत?”

“माझ्याशी रोज बोलते. यांच्याशी वर्षातून एकदा.” काकूंनी पत्रकावर बोट ठेवलं. “या स्पर्धेच्या दिवशी. चौदा वर्षांखालच्या मुलींची शर्यत संपली की हे तिला एक शब्द पाठवतात, ‘टिकला’. ती अंगठा पाठवते. बास. तेवढंच आहे दोघांत.”

मी पत्रकाची घडी घातली. काकू म्हणाल्या, “इराने मोडावा, अनुजा. पोरीने मेहनत केलीय. पण मोडला तर पुढच्या वर्षी हे काय पाठवतील, याची मला भीती वाटते.”

मी काही संत नाही. घरी येऊन आधी मला काकांची दया आली, आणि तासाभरात संशय. काका या स्पर्धेत दरवर्षी वळणाचे पंच असतात. पूल पंचवीस मीटरचा, म्हणजे पलीकडच्या भिंतीला हात लावून परत यायचं, आणि त्या भिंतीपाशी दोन्ही हात एकदम लागले की नाही हे बघणारा माणूस एकच. चूक दिसली तर त्याने हात वर करायचा, मुलगी बाद. इराचा डावा हात उशिरा येतो हे सगळ्या कतारमध्ये ज्याला सर्वांत चांगलं ठाऊक, तोच तिथे बसणार. आणि हात वर केला की त्याच्या मुलीचा विक्रम शाबूत, आणि वर्षातला तो एक शब्दही.

शनिवारी माझा नवरा कारखान्यात ड्युटीवर होता, म्हणून इरा आणि मी काका-काकूंच्याच गाडीतून दोह्याला गेलो. रस्ता तासाभराचा. इरा मागे कानात इअरफोन घालून बसली होती. मी तिला म्हटलं, “डावा हात.” ती म्हणाली, “आय नो, ममा. यू आर मेकिंग मी नर्व्हस.”

तिथे पोचल्यावर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. स्पर्धा घेणारे क्रीडाशिक्षक एका टेबलापाशी उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की इराच्या शर्यतीला वळणावर शिरोडेजींच्या जागी दुसरं कुणी बसवता येईल का.

“मॅडम, शिरोडेजी पे तो सबको भरोसा है,” ते हसून म्हणाले. “और अभी दो मिनट पहले वो भी यही बोलने आये थे. मैंने मना कर दिया.”

मी वळले तर काका मागेच उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “मीही सांगून बघितलं. नाही म्हणाले.” आणि पँटचे पाय वर दुमडत पलीकडच्या टोकाला निघून गेले. मला कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

शर्यत लागली. आता खरी गंमत ऐका. पाण्यात माझी एकुलती एक मुलगी जिवाच्या आकांताने पोहत होती, आणि मी बघत होते शिरोडे काकांचा उजवा हात. तो गुडघ्यावर होता. शेजारी मंगलकाकूही तिकडेच बघत होत्या. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती.

इरा भिंतीपाशी आली. काका इतके वाकले की पाण्यात पडतील असं वाटलं. हात लागले, पाणी उसळलं, इरा वळली. आणि काकांचा उजवा हात वर गेला.

काकूंच्या तोंडून “अहो” एवढंच आलं. मी उठून उभी राहिले. माझ्या डोक्यात त्या क्षणी जे शब्द आले ते मी आयुष्यात कुणाला बोललेले नाहीत. मुख्य पंचानेही बघितलं आणि लांबूनच हाताने विचारलं, काय?

काकांनी चष्मा काढला. इराने उडवलेलं पाणी काचांवर होतं. तो शर्टाला पुसला, परत लावला आणि मुख्य पंचाकडे बघून मान हलवली. काही नाही. मग त्याला पुन्हा शंका नको म्हणून दोन्ही तळवे एकमेकांजवळ धरून दाखवले: एकदम लागले.

मी खाली बसले तेव्हा इरा पोचलीसुद्धा होती. शेवट मी पाहिलाच नाही. वेळ पुकारली, टाळ्या पडल्या, बारा वर्षांचा विक्रम तेवीस शतांश सेकंदांनी गेला. कुणीतरी मागून अरबीत “यल्ला इरा”, चल इरा, असं ओरडलं आणि मी चक्क रडले.

काका पलीकडच्या टोकावरून पूलच्या कडेने चालत आले. इरा काठाला धरून धापा टाकत होती. मला वाटलं आता हे आकडा सांगणार. त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला, तिच्या खांद्यावर टाकला आणि विचारलं, “दम लागला का गं?”

ती म्हणाली, “सो मच, अंकल.” ते म्हणाले, “बस जरा. घाई नाही.”

परत निघालो तेव्हा दुपारचं ऊन गाडीच्या टपावर नुसतं तडतडत होतं. काकांनी एसी लावला, पण गाडी सुरू करून निघेनात. फोन हातात धरून बसले. मी मागून बघत होते. त्यांनी एक शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. ‘गेला.’ पाठवला आणि फोन खाली ठेवला. काकूंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मिनिटभरात गाडीच्या स्पीकरमधून घंटा वाजायला लागली आणि समोरच्या पडद्यावर नाव आलं. केतकी. काका घाबरून सगळी बटणं दाबायला लागले. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, पण त्यांना स्पीकर बंद करता येईना. काकू म्हणाल्या, “अहो, उचला आधी.”

“बाबा,” गाडीभर आवाज आला.

“हं.”

“गेला?”

“गेला. शेजारची इरा. टच स्वच्छ होता. मी स्वतः बघितला, मीच होतो टर्नला. तेवीस शतांश...”

“बाबा, ते राहू दे. तुम्ही कसे आहात?”

काकांनी एसीचं बटण उगाच फिरवलं. स्पीकरमधून तिचा श्वास ऐकू येत होता.

“दरवर्षी मी वाट बघायचे, कुणीतरी मोडेल म्हणून,” ती म्हणाली. आवाज भरून आला होता. “तुमचा ‘टिकला’ आला की वाटायचं, झालं, अजून एक वर्ष आपण हेच बोलणार. आता तुम्ही दुसरं काहीतरी बोला ना माझ्याशी.”

मी इराचा हात धरून गाडीतून उतरले. काकूही उतरल्या. सावली कुठेच नव्हती. “ममा, व्हाय आर वी आउटसाइड?” इराने विचारलं. मी म्हटलं, “असंच. उभी राहा.”

काचेतून काका दिसत होते. बराच वेळ नुसते ऐकत होते, मग बोलायला लागले, मग एकदा चष्मा काढून शर्टाला पुसला. पंधरा मिनिटं झाली असतील. काकूंचा पदर घामाने ओला झाला होता आणि त्या गाडीकडे पाठ करून, उगाच शाळेच्या फाटकाकडे बघत उभ्या होत्या.

मग काच खाली आली. काकांचे डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिलाच प्रश्न न आलेल्या मुलाचा भाव.

“मंगल,” ते म्हणाले, “ती विचारतेय माझी शुगर किती असते. किती असते गं?”

“उपाशीपोटीची की जेवणानंतरची?”

“थांब,” काका म्हणाले, “विचारतो.” आणि काच वर गेली.