सावळीरामचा अर्धा मोर

नाव निवृत्तीचं आणि करामत सावळीरामची, असा बेत ठरला तेव्हाच मालनबाईनं कपाळाला हात लावला होता. पण निवृत्ती तिचाच भाऊ आणि सावळीराम तिचाच नवरा. बोलणार तरी कुणाला?

सावळीराम सातपूरच्या एका कारखान्यात आगीच्या बंबावर होता. बंब इतका चकचकीत, की मॅनेजरसाहेब त्यात बघून भांग पाडत. कारण उघड होतं. इतक्या वर्षांत कारखान्यात एकदाही आग लागली नव्हती. दर सोमवारी कवायत तेवढी व्हायची. सावळीराम शिट्टी फुंकायचा आणि त्याचा जोडीदार केरू पाणी सोडायचा. "शिट्टी ऐकली की डोकं चालवायचं नाही, पाणी सोडायचं," हे सावळीरामनं त्याच्या असं अंगवळणी पाडलं होतं, की रस्त्यात हवालदारानं शिट्टी मारली तरी केरूचा हात सायकलवरच बंबाची तोटी शोधायचा.

आगीची वाट बघून बघून सावळीरामला आगीचीच ओढ लागली. रविवार आला की तो एस.टी.नं हरसूल गाठायचा. तिथे धोंडीराम उस्ताद जत्रांसाठी भुईनळे, चक्रं नि बाण बनवायचे. त्यांच्या हाताखाली सावळीराम शोभेचं दारूकाम शिकला आणि डावी भुवई घालवून बसला. बिडी पेटवताना गेली, असं त्यानं कारखान्यात सांगितलं. तो बिडी ओढत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"नोकरी सोडतो आणि हाच धंदा करतो," एक दिवस त्यानं घरात जाहीर केलं.

"एक भुवई गेली. दुसरी संसाराला ठेवा," मालनबाई म्हणाली. पण नवऱ्याचा चेहरा इतका पडला, की तिलाच कसंतरी झालं. "बरं, एक काम करून दाखवा. ते बघून दुसरं काम घेऊन कुणी आपल्या पायानं दारात आलं, तर मी हूं की चूं करणार नाही. नाही आलं, तर हे खूळ गोदावरीत सोडायचं."

पहिलं काम मिळालं ते नेमकं कारखान्याच्या मालकांच्या मुलीच्या लग्नाचं, गंगापूर रोडवरच्या बंगल्यात. आपलाच बंबवाला दारू उडवतो हे मॅनेजरसाहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि मालनबाईची अट तर अजून पुरी व्हायची होती. म्हणून काम निवृत्तीच्या नावावर घेतलं. निवृत्तीचं शिलाईचं दुकान होतं, आणि देवापुढं निरांजन लावतानासुद्धा तो डोळे मिटायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी साहेबांनी सावळीरामला बोलावलं. "दारूवाला बाहेरचा आहे. भरवसा काय त्याचा? तुम्ही आणि केरू बंब घेऊन उभे राहा."

झालं! आता सावळीरामला खाकी कपड्यात बंबापाशी उभं राहणं भाग होतं.

"म्हणजे पेटवायचं मी?" निवृत्तीचा आवाज चिरकला. "दाजी, मला घाम फुटतो हो."

"लांब काठीला उदबत्ती बांधून देतो. वातीला टेकवायची नि पळायचं. बँडच्या गोंगाटात हाक ऐकू यायची नाही, म्हणून मी शिट्टी मारीन. शिट्टी वाजली की पेटव."

ही युक्ती सावळीरामला इतकी आवडली, की तिच्यात काही खोट असेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी बंगल्याच्या आवारात बांबूचा पुरुषभर उंच मोर उभा राहिला. चोचीतून पेटत पेटत उजेड मानेत उतरणार, मग सगळा पिसारा एकदम फुलणार आणि शेवटी मागं रोवलेले बाण आभाळात जाणार. या मोरासाठी सावळीराम कितीतरी रविवार झटला होता. पहिल्या रांगेत सटाण्याचे कांद्याचे व्यापारी चिमाजीशेठ बसले होते, डोक्याला गुलाबी फेटा आणि नेसूचं धोतर पांढरंशुभ्र.

वरमाला पडल्या. बँडनं जोर धरला. सावळीरामनं शिट्टी फुंकली.

निवृत्तीनं डोळे मिटून काठी पुढं केली. वात पेटली. मोराची चोच लखलखली, डोळा चमकला, हिरवा उजेड मानेत उतरला. सावळीरामचा ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी केरूनं, कवायतीत शिकवलं होतं तस्सं, डोकं न चालवता पाणी सोडलं.

"अरे बंद कर! केरू, बंद!"

बँडपुढं कोण ऐकतो? सावळीरामनं घाबरून पुन्हा शिट्टी फुंकली. कवायतीत दुसऱ्या शिट्टीला पाण्याचा जोर वाढवायचा असे. केरूनं वाढवला.

मोर मागं कलला आणि त्याची पेटती मान बाणांच्या वातींना भिडली. एक बाण आडवा सुटला तो थेट मांडवाच्या झालरीत. झालर पेटली, बायका किंचाळल्या. पण वाढलेल्या जोरानं केरूच्या हातातली नळी वर उसळली होती, तिचं पाणी झालरीवरच पडलं आणि आग जागच्या जागी विझली. बँडवाले भिजले, वऱ्हाड भिजलं. चिमाजीशेठांच्या फेट्याचा रंग उतरून धोतर गुलाबी झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर सावळीरामला शाल नि नारळ दिला. "आग लागायच्या आधी पाणी! असा माणूस शोधून सापडणार नाही." निवृत्तीला मात्र मालकांनी पुन्हा फाटकात पाऊल टाकायचं नाही, अशी तंबी दिली होती.

सावळीराम घरी आला तो मान खाली घालून. उरलेलं दारूकामाचं सामान त्यानं पिशवीत भरलं. मालनबाईनं अटीचं नाव न काढता पिशवी बांधायला सुतळी पुढं केली, त्यामुळं तर त्याला रडूच आलं. तेवढ्यात दारात निवृत्तीचा आवाज आला, "ताई, सटाण्याचे शेठ आलेत. दाजींना भेटायचं म्हणतात."

"धोतराचं विचारायला आला असंल!" म्हणत सावळीराम मोरीत शिरला.

चिमाजीशेठ खाटेवर ऐसपैस बसले. "आमच्या पोऱ्याचं लगीन शे, बाई. कालच्यासारखंच काम पाहिजे. लय दारू उडताना पाहिली, मान दुखते, दुसरं काय? पण काल आधी आग, मग पाणी, मग पळापळ! आमची मंडळी लग्नानंतर काल पहिल्यांदा हसली."

सावळीराम मोरीतून बाहेर आला. "शेठ, मोर पुरा पेटला असता तर तुम्ही..."

"पुरा नको! पुरा मोर कोणीबी दाखवील. मानेपर्यंत आला की पाणी. अन् पाण्याला तुम्हीच पाहिजेत, त्या लाल बंबासकट. बंब नाय, तर काम नाय."

शेठ गेले. सावळीरामनं आशेनं बायकोकडं पाहिलं.

"दुसरं काम दारात आलं," मालनबाई म्हणाली. "मी शब्दाला पक्की आहे. खुशाल धंदा करा."

"आणि नोकरी?"

"ती सोडली तर बंब कोण देईल?" असं म्हणून ती चहाला आधण ठेवायला गेली.

सोमवारच्या कवायतीला सावळीरामनं केरूला बाजूला घेतलं. पुरा पिसारा फुलायला किती वेळ लागतो, हे त्यानं मनात मोजून ठेवलं होतं. "केरू, आजपासून नवी पद्धत. शिट्टी ऐकली की आधी तंबाखू मळायची. नीट मळायची, चुना लावून. ती तोंडात गेली की मग पाणी सोडायचं."

केरू विचारात पडला. "आणि सावळीरामभाऊ, इथं खरीच आग लागली तर?"

सावळीरामनं चकचकीत बंबात आपली उगवू लागलेली भुवई पाहिली.

"इतक्या वर्षांत लागली का कधी? मळ, तंबाखू मळ."